अ जीवनसत्त्व व अर्बुदाची पेशी

अ जीवनसत्त्व म्हटले म्हणजे आपल्या घरांतून दोनच गोष्टींची आठवण होते. एक डोळे व दुसरे गाजर. दिवेलागणीच्या सुमारास मूल उंबऱ्याशी अडखळू लागले की पूर्वीच्या आज्या त्यास कलेजी, शेवग्याचा पाला किंवा माशाचे तेल देत, आणि हे ज्ञान त्यांच्याही आज्यांहून जुने होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात रातांधळेपणावर बकऱ्याच्या यकृताचा प्रयोग सांगितला आहे. परंतु याच द्रव्याचे दुसरे एक कार्य आहे, व ते डोळ्यांच्या कार्याहून अधिक व्यापक आहे. शरीरात नित्य जन्मणाऱ्या कोवळ्या पेशींनी पुढे कोणते रूप घ्यावे, केव्हा प्रौढ व्हावे आणि केव्हा वाढ थांबवावी, या निर्णयात अ जीवनसत्त्वाचा हात असतो. अर्बुद म्हणजे तरी काय? ज्यांची वाढ थांबत नाही व ज्यांचे प्रौढत्व मध्येच अडले आहे, अशा पेशींचा समुदाय. तेव्हा ज्या द्रव्याने पेशी प्रौढ होते, त्याच द्रव्याने अर्बुदाच्या पेशीस वळण लावता येईल काय, हा प्रश्न सुमारे शंभर वर्षे शास्त्रज्ञांसमोर आहे. त्या शंभर वर्षांचा वृत्तांत येथे सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

असे करण्यास कारण आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या आमच्या उपनगरांतील सुशिक्षित कुटुंबांत या विषयी परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन समजुती वावरताना दिसतात. एक समजूत अशी की, जीवनसत्त्व ते जीवनसत्त्व. त्याच्या गोळ्या जितक्या अधिक घ्याव्या तितके बरे, आणि त्यांनी कर्करोग दूर राहतो. दुसरी अशी की, घरातील कोणास रक्ताचा कर्करोग झाला म्हणजे आता केवळ दिवस मोजणे उरले. पहिली समजूत भाबडी आहे व दुसरी निराशेची आहे. दोन्ही चुकीच्या आहेत. आणि नवल असे की, दोहोंची चूक एकाच द्रव्याच्या इतिहासाने दाखविली आहे.

प्रथम द्रव्याची ओळख करून घेऊ. १९१३ साली अमेरिकेत मॅककॉलम व डेव्हिस या जोडीने, आणि त्याच वर्षी ऑस्बर्न व मेंडेल या दुसऱ्या जोडीने, लोणी व अंड्याचा बलक यांत असलेले एक अज्ञात द्रव्य उंदरांच्या वाढीस अवश्य असते असे दाखविले. त्यासच पुढे अ जीवनसत्त्व हे नाव मिळाले. १९३१ साली पॉल कारर यांनी त्याची रासायनिक रचना उलगडली, आणि १९३७ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे कळून आले की शरीरात हे द्रव्य तीन वेशांत वावरते. यकृतात साठून राहते व रक्तातून फिरते ते रेटिनॉल. डोळ्याच्या पडद्यात प्रकाश पकडते ते रेटिनाल. आणि पेशीच्या केंद्रकात शिरून तिला आज्ञा देते ते रेटिनॉइक आम्ल. आमच्या लेखाचा नायक हा तिसरा होय. प्रयोगशाळेत तो प्रथम तयार केला तो १९४६ साली आरेन्स व व्हॅन डॉर्प या डच रसायनशास्त्रज्ञांनी.

येथे थोडे विषयांतर करण्याचा मोह आवरत नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपातून येणारे कॉड माशाचे तेल दुर्मीळ झाले, तेव्हा मुंबई व मद्रास सरकारांच्या मत्स्यखात्यांनी मुशीच्या यकृताचे तेल काढण्याचा उद्योग हाती घेतला. वेसाव्याच्या कोळ्यांस मुशी काही नवी नव्हती. नवे होते ते हे की, जे यकृत ओंगळ म्हणून बाजूस पडत असे, त्यास औषधाचे मोल आले. १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये ईस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यात करता येईल अशी अ जीवनसत्त्वाची रीत बसविली आणि मुशीचा काळ संपत आला. ही रीत सुरू होते आयोनोन नावाच्या द्रव्यापासून, आणि आयोनोन करावयाचे ते सिट्रलपासून. सिट्रल म्हणजे आपल्या सकाळच्या चहास ज्याचा वास येतो त्या गवती चहातील सुगंधी अंश. केरळातील गवती चहाच्या तेलापासून अ जीवनसत्त्व बनविण्याचे कारखाने पुढे मुलुंडच्या पलीकडे ठाण्यास उभे राहिले होते. असो.

जीवनसत्त्व न मिळाल्यास शरीराच्या अस्तरांचे काय होते, हे १९२५ साली बोस्टन येथे वुल्बाक व हौ यांनी उंदरांवर पाहिले, आणि आमच्या मते या विषयाचा खरा आरंभ तेथून धरावा. श्वासनलिका, मूत्राशय, लाळेच्या ग्रंथी यांचे अस्तर स्वभावतः ओलसर व मऊ असते. अ जीवनसत्त्व तुटताच तेथे तळहाताच्या कातडीसारखे कोरडे, खरखरीत, थरांवर थर असलेले अस्तर वाढू लागले, आणि त्या पेशी झपाट्याने दुणावत होत्या. जागा तीच, वंश तोच, परंतु पेशींचा धंदा बदलला! पुढे १९३३ साली त्याच दोघांनी उलट बाजू दाखविली. उंदरास जीवनसत्त्व पुन्हा देताच खालच्या थरातील नव्या पेशी पूर्ववत मऊ अस्तर विणू लागल्या. अस्तराच्या तळाशी असलेली मूळ पेशी दोन्ही मार्गांस मोकळी असते व तिने कोणता मार्ग धरावा हे जीवनसत्त्व ठरविते, हे यावरून स्पष्ट झाले. पेशीने असे विशिष्ट रूप घेण्यास शास्त्रात विभेदन म्हणतात. आम्ही या लेखात बहुधा त्यास पेशीचे प्रौढ होणे असेच म्हणू.

१९५३ साली केंब्रिज येथे ऑनर फेल या विदुषींनी मेलनबी यांच्या समवेत याहून चमत्कारिक प्रयोग केला. अंड्यातील पिल्लाच्या गर्भाची कोवळी कातडी त्यांनी काचेच्या पात्रात वाढविली व पोषकरसात अ जीवनसत्त्व भरपूर घातले. जेथे कातडी व्हावयाची तेथे श्लेष्मा पाझरणारे अस्तर तयार झाले. दोन वर्षांनी इल्झे लासनित्स्की यांनी उंदराच्या प्रोस्टेट ग्रंथीचे तुकडे असेच पात्रात वाढवून त्यांवर कर्करोगजनक रसायन घातले, तेव्हा पेशी बेसुमार वाढून विकृत झाल्या. आणि अ जीवनसत्त्व घालताच ती विकृती पुष्कळशी मागे हटली. १९६७ साली सॅफिओटी यांनी जिवंत हॅमस्टरांच्या फुप्फुसांत असाच परिणाम दाखविला. येथून आशेस पालवी फुटली. कर्करोग होण्यापूर्वीच, पेशी वाट चुकण्याच्या बेतात असताना, तिला हाक मारून परत बोलावता येईल, असे पुष्कळांस वाटू लागले.

ही आशा मुंबईकरांस इतरांहून अधिक महत्त्वाची होती, कारण पेशींची वाट चुकण्याचे ठिकाण येथे प्रत्येकास आरशात दिसण्यासारखे होते. ते ठिकाण म्हणजे तोंड. परळ येथील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ आलेल्या १,००० रुग्णांचा आढावा १९४४ साली अमेरिकेतील ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्य देशांत तुलनेने विरळ असलेल्या या रोगाने येथे केवढे थैमान मांडले होते, हे त्यावरून जगास कळले. तंबाखू व पानविडा चघळण्याच्या सवयीशी त्याचा असलेला संबंध खानोलकरांनी पुढेही चिकाटीने तपासला. १९५२ साली परळलाच निघालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. त्यांच्याच शिष्या, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे, बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्यापाशी पेशी पात्रात वाढविण्याची विद्या शिकून आल्या व या केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. फेल व लासनित्स्की यांचे प्रयोग ज्या विद्येवर उभे होते, ती विद्या अशा रीतीने एका मराठी स्त्रीच्या हातून मुंबईत रुजली. दंतवैद्य डॉ. फली मेहता यांनी मुंबईच्या पोलीस शिपायांची तोंडे वर्षानुवर्षे तपासून गालाच्या आतील पांढऱ्या चट्ट्यांचा मागोवा घेतला. हा पांढरा चट्टा म्हणजेच वुल्बाक व हौ यांच्या उंदरांतील गोष्टीचा मानवी अवतार म्हणावा. जेथे मऊ अस्तर असावयाचे तेथे कठीण, जाड थर. सर्वच चट्ट्यांचा कर्करोग होत नाही, परंतु काहींचा होतो.

तंबाखू व अ जीवनसत्त्व यांची गाठ परळच्याच प्रयोगशाळेत थेट घालून पाहण्यात आली. डॉ. भिडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडील स्त्रिया दात घासण्यास वापरतात त्या मशेरीचे घातक गुण १९८० च्या दशकात उघडकीस आणले होते. १९९१ साली भिडे, अमिगन, नायर व ललिता यांनी तंबाखूचा अर्क दोन प्रकारच्या उंदरांस दिला. काहींच्या आहारात अ जीवनसत्त्व पुरेसे होते, काहींच्या अपुरे. अपुरे असलेल्यांत अर्बुदे अधिक झाली. अर्थ उघड आहे. ज्या घरात पोटभर भाजी, दूध, अंडी नाहीत आणि मशेरीची डबी मात्र आहे, तेथे विष तेच असूनही घाव खोल बसतो. येथपर्यंत शास्त्र व लोकसमजूत एकमेकांच्या हातात हात घालून चालत होती.

मग माणसांवर प्रयोग झाले. केरळातील पान-तंबाखू खाणाऱ्या कोळी लोकांस कॅनडाचे स्टिच यांनी आठवड्यास २ लाख एकक अ जीवनसत्त्व सहा महिने दिले. आपल्या सरकारच्या १९७० पासूनच्या योजनेत बालकांस सहा महिन्यांतून एकदा जो मोठा डोस पाजतात, तेवढा हा दर आठवड्यास. १९८८ साली त्यांनी कळविले की निम्म्याहून अधिक लोकांचे चट्टे नाहीसे झाले. अमेरिकेत हाँग यांनी १९८६ साली रेटिनॉइक आम्लाचा एक प्रकार ४४ रुग्णांवर वापरून पाहिला. औषध घेणाऱ्यांपैकी ६७ टक्के लोकांचे चट्टे आकसले, खोटे औषध घेणाऱ्यांत केवळ १० टक्के. परंतु औषध थांबले आणि दोनतीन महिन्यांत निम्म्याहून अधिक लोकांचे चट्टे परत आले! तिरुवनंतपुरम येथे शंकरनारायणन यांनी १६० जणांवर वर्षभर केलेल्या पाहणीत, जी १९९७ साली प्रसिद्ध झाली, असेच घडले. अ जीवनसत्त्वाने ५२ टक्के लोकांचे चट्टे गेले आणि त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांचे पुढे परतले. पेशीस हाक ऐकू येत होती, ती मागेही वळत होती. पण हाक बंद पडताच पुन्हा आपल्या वाटेस लागत होती. आणि हाक जन्मभर मारीत राहावी तर औषधाचा त्रास सोसवेना. ओठ फुटणे, कातडी सोलणे, यकृतास इजा, आणि गर्भवतीने घेतल्यास गर्भास व्यंग. आज मुरुमांसाठी तरुण मुलीमुले ज्या गोळ्या घेतात त्या याच कुळातील असतात, व गर्भाविषयीची ताकीद त्यांसही पुरेपूर लागू आहे, हे येथे सांगून ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

मूळ औषध सोसत नाही, तर गाजरातील पिवळे द्रव्य द्यावे, ज्यापासून शरीर आपल्या गरजेइतके अ जीवनसत्त्व स्वतःच बनविते, असा विचार निघाला. तो दिसण्यात इतका निर्दोष होता की त्याची परीक्षा घेण्याचे धैर्य दाखविणाऱ्यांचे कौतुकच करावयास हवे. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला व १९९४ साली निष्कर्ष बाहेर आला. बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी झाला नाही. तो १८ टक्के अधिक झाला. अमेरिकेत बीटा-कॅरोटिन व अ जीवनसत्त्व एकत्र देऊन १८,३१४ लोकांवर चाललेला प्रयोग १९९६ साली मुदतीपूर्वीच थांबवावा लागला, कारण तेथे ही वाढ २८ टक्के होती. हे कसे झाले, याचा एक धागा १९९९ साली सापडला. मुंगसासारख्या दिसणाऱ्या फेरेट या प्राण्यास बीटा-कॅरोटिन भरपूर देऊन वर तंबाखूचा धूरही दिला, तेव्हा त्याच्या फुप्फुसात रेटिनॉइक आम्ल उलट घटले आणि त्याची आज्ञा ऐकणारी यंत्रणाही मंदावली. धुराने होरपळलेल्या जागी ते निर्दोष द्रव्य तुटून भलतीच द्रव्ये तयार होत होती, असे संशोधकांचे अनुमान आहे. गाजर खाणाऱ्याने यावरून घाबरण्याचे कारण नाही. पानात वाढलेली कोशिंबीर व डबीतील गोळी यांत मात्रेचे महदंतर आहे. परंतु विडी ओढणारा किंवा गुटखा खाणारा मनुष्य ‘मी वर जीवनसत्त्व घेतो’ म्हणून निर्धास्त असेल, तर त्याची निर्धास्ती निराधार आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. ती कितपत पाळली जाते हे रेल्वेच्या कोणत्याही पुलाच्या कोपऱ्यांकडे पाहून ठरवावे.

एवढ्यावर हा इतिहास संपता तर तो एका भंगलेल्या आशेचा इतिहास ठरता. परंतु याच सुमारास, ज्या दिशेने कोणी फारशी अपेक्षा केली नव्हती त्या दिशेने, म्हणजे रक्ताकडून, उत्तर आले.

अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी तयार होतात त्या पायरीपायरीने. प्रोमायलोसाइट ही त्यांतील एक मधली पायरी, पोरवय म्हणा. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात सर्व पेशी नेमक्या या पायरीवर अडकून पडतात, पुढे जात नाहीत, मरतही नाहीत, नुसत्या दुणावत राहतात. नॉर्वेच्या हिलेस्टाड यांनी १९५७ साली या रोगाचे वेगळेपण वर्णिले. त्याची भयानकता अशी की रक्त गोठण्याची व्यवस्थाच कोसळते. हिरड्या, नाक, कातडी आणि शेवटी मेंदू यांतून रक्तस्राव होऊन रोगी काही दिवसांत दगावतो. केमोथेरपीच्या विषारी औषधांनी या पेशी मारू गेले तर त्या फुटतात, त्यांच्या पोटातील द्रव्ये रक्तात मिसळतात आणि रक्तस्राव आणखी भडकतो. शत्रूस मारावे तर घरास आग लागते, अशी ती अवस्था.

इस्राएलात लिओ साक्स यांनी, आणि इतरांनीही, १९७० च्या दशकात रक्तकर्करोगाच्या काही पेशी योग्य प्रेरणा मिळाल्यास प्रौढ होतात हे पात्रात दाखविले होते. १९७८ साली स्ट्रिकलंड व महदवी यांनी उंदराच्या अर्बुदाच्या गर्भसदृश पेशींवर रेटिनॉइक आम्ल घातले, आणि त्या पेशींनी बेफाम वाढ सोडून शहाण्या पेशींचे रूप घेतले. १९८० साली अमेरिकेत ब्राइटमन, सेलोनिक व कॉलिन्स यांनी मानवी रक्तकर्करोगाच्या पेशींचा एक वंश, जो पात्रात वर्षांनुवर्षे वाढत होता, रेटिनॉइक आम्लात सहा दिवस ठेवला. सुमारे ९० टक्के पेशी प्रौढ झाल्या. दिसण्यातच नव्हे तर जंतू गिळण्याच्या कामातही. येथे एकही पेशी विषाने मारली नव्हती. जे वय अडले होते ते पुढे सरकले, आणि प्रौढ पांढरी पेशी आपल्या नियमाप्रमाणे थोड्या दिवसांत आपोआप मरते. आपल्याकडे वाल्याचा वाल्मीकि झाला असे म्हणतात, तसेच हे.

पात्रातील यश व खाटेवरील यश यांत मोठे अंतर असते. ते अंतर ओलांडले शांघायच्या रुइजिन रुग्णालयातील वँग झेन्यी यांनी. १९८५ साली त्यांच्याकडे पाच वर्षांची एक मुलगी याच रोगाने आसन्नमरण अवस्थेत होती. नेहमीचे उपचार संपले होते. शांघायमधील एक औषध कारखाना कातडीच्या विकारांसाठी रेटिनॉइक आम्ल तयार करीत असे. वँग यांनी ते तिला पोटात दिले, आणि ती वाचली. १९८८ साली त्यांनी व हुआंग मेंगअर प्रभृती सहकाऱ्यांनी २४ रुग्णांचा वृत्तांत छापला. सर्व २४ जणांच्या रक्तातून रोगाची चिन्हे नाहीशी झाली होती, आणि त्यांपैकी केवळ एकास वर केमोथेरपीची जोड द्यावी लागली होती. पाश्चात्य डॉक्टरांस प्रथम हे खरे वाटेना. पुढच्या दोन वर्षांत फ्रान्समध्ये तोच अनुभव आला.

तोंडाचे चट्टे परत येतात, फुप्फुसाचा कर्करोग तर उलट वाढतो, आणि हा एकच रोग असा विरघळून का जातो? याचे उत्तर तीन वेगवेगळ्या टोकांकडून आले. १९७७ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी पाहिले होते की या रुग्णांत १५ व १७ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांच्या जागी चिकटलेले असतात. १९८७ साली फ्रान्समध्ये शाँबाँ यांच्या व अमेरिकेत एव्हान्स यांच्या प्रयोगशाळांनी रेटिनॉइक आम्लाची आज्ञा ऐकणारे प्रथिन, म्हणजे त्याचा ग्राही, शोधून काढला. आणि १९९०-९१ च्या सुमारास पॅरिसचे द तेय व अन्य काही गट यांना उलगडले की त्या ग्राहीचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर नेमके तुटण्याच्या जागी बसलेले आहे! गुणसूत्रे तुटून जुळताना या ग्राहीस १५ व्या गुणसूत्रावरील पीएमएल नावाच्या प्रथिनाचे शेपूट जोडले जाते.

वाचकांनी ग्राही म्हणजे जनुकांच्या दारावर बसलेला दरवान समजावा. आज्ञा येईपर्यंत तो दार बंद ठेवतो. रेटिनॉइक आम्ल आले की दार उघडतो, आणि पेशीस प्रौढ करणारी जनुके कामास लागतात. जोडप्रथिनाचा दरवान मात्र कानाने जड असतो. रक्तात स्वभावतः असते तेवढ्या आम्लाने तो हलत नाही, म्हणून पेशी पोरवयातच अडकते. औषध म्हणून दिलेली मोठी मात्रा मात्र त्यास ऐकू येते. दार उघडते, इतकेच नव्हे तर तो विकृत दरवानच पेशीतून मोडीत काढला जातो. म्हणजे हा रोग मुळात अ जीवनसत्त्वाच्या आज्ञेचाच रोग होता. येथे औषध व रोग यांची गाठ कुलूप-किल्लीसारखी बसते. तोंड व फुप्फुस यांच्या कर्करोगात असे एकच कुलूप बिघडलेले नसते. तेथे तंबाखूने अनेक जनुके बिघडविलेली असतात, आणि पुष्कळदा रेटिनॉइक आम्लाचा ‘बीटा’ नावाचा एक ग्राही पेशीने बनविणेच सोडून दिलेले असते. ऐकणाराच नाही तेथे कितीही मोठ्याने बोलून काय उपयोग? चट्टे परत का आले याचा निदान एक अंश यात आहे असे आम्हांस वाटते.

या यशासही मर्यादा होत्या. एकट्या रेटिनॉइक आम्लाने झालेला गुण काही महिन्यांत ओसरे, कारण शरीर ते आम्ल अधिकाधिक वेगाने मोडू लागते. शिवाय एकदम प्रौढ झालेल्या असंख्य पेशी फुप्फुसांत शिरून ताप व धाप आणतात. हा उपद्रव १९९२ साली प्रथम नीट वर्णिला गेला व त्यावर स्टिरॉइड तत्काळ द्यावे लागते. मग केमोथेरपीची जोड देण्यात आली, आणि त्यानंतर चीनमधूनच दुसरे औषध आले, ज्याचे मराठी नाव ऐकून कोणीही दचकेल. ते औषध सोमल होय. विष म्हणून कुप्रसिद्ध असलेला हा पदार्थ त्या जोडप्रथिनाच्या पीएमएल टोकास चिकटतो, रेटिनॉइक आम्ल दुसऱ्या टोकास. दोघे मिळून त्याचा निकाल लावतात. २०१३ साली लो-कोको यांनी युरोपातील फार तीव्र नसलेल्या रुग्णांत दाखविले की, केमोथेरपी न देता केवळ या दोहोंवर दोन वर्षांनी ९७ टक्के रुग्ण सुखरूप होते. केमोथेरपीच्या जुन्या पद्धतीत ८६ टक्के. आपल्या देशात खर्चाचा प्रश्न आधी येतो. वेल्लोरच्या डॉक्टरांनी ७२ रुग्णांस केवळ सोमल देऊन त्यांपैकी ८६ टक्क्यांचा रोग आटोक्यात आणल्याचे २००६ साली प्रसिद्ध केले, ते याच दृष्टीने.

मुलुंडचा उल्लेख आम्ही कारखान्यापुरता केला, पण त्या गावाचा याहून जवळचा संबंध या विषयाशी आहे. होक्स्ट कंपनीचे संशोधन केंद्र तेथे होते. तेथील सुजाता भट, द सूझा व त्यांचे सहकारी यांनी १९७७ साली कोलिअस नावाच्या झाडाच्या मुळांतून फोर्स्कोलिन हे द्रव्य वेगळे करून त्याची रचना प्रसिद्ध केली. हीच मुळे गुजराती कुटुंबांत गरमर नावाने लोणच्यात घालतात. घाटकोपर-मुलुंडच्या बाजारात ती अनोळखी नसावीत. १९८१ साली अमेरिकेत कळले की फोर्स्कोलिन पेशीतील सायक्लिक एएमपी या निरोप्या द्रव्याचे प्रमाण झटक्यात वाढविते. आणि त्याच काळात ओल्सन, ब्राइटमन व गॅलो दाखवीत होते की रेटिनॉइक आम्लाने तयार केलेल्या रक्तकर्करोगाच्या पेशी सायक्लिक एएमपी वाढताच अधिक तत्परतेने प्रौढ होतात. फोर्स्कोलिन कर्करोगाचे औषध झाले नाही, हे खरे. परंतु पेशी प्रौढ कशी होते हे शोधणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांतून रेटिनॉइक आम्लाच्या बाटलीशेजारी मुलुंडच्या या द्रव्याची बाटली अजून असते. आपल्या उपनगराच्या नावावर एवढी गोष्ट जमा असताना ती शाळेच्या पुस्तकांत कोठेही आढळत नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

रक्ताखेरीज आणखी एका ठिकाणी हे कूळ उपयोगी पडले आहे. बालकांस होणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या मज्जातंतूंच्या तीव्र कर्करोगात, मुख्य उपचार झाल्यावर उरलेल्या पेशींस प्रौढ करण्यासाठी १३-सिस रेटिनॉइक आम्ल देतात. त्याचा लाभ १९९९ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत सिद्ध झाला. इतर बहुतेक अर्बुदांत मात्र असे यश अद्याप पदरी पडलेले नाही.

प्रोमायलोसाइटच्या रोगात आज मृत्यू येतो तो बहुधा औषध निष्फळ ठरल्याने नव्हे, ते पोचण्यापूर्वी येतो. अकारण अंगावर काळेनिळे डाग उठणे, दात घासताना हिरड्यांचे रक्त न थांबणे, नाकाचा घोळणा वारंवार फुटणे, जोडीस ताप व फिकेपणा; अशा वेळी घरगुती उपायांत किंवा एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाण्यात चार दिवस गेले तर तेवढ्यातच मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. उपनगरातील साध्या प्रयोगशाळेतही रक्ताचा थेंब काचेवर पसरून पाहता येतो. या रोगातील काही पेशींत बारीक लालसर काड्या एकत्र बांधल्यासारख्या दिसतात, जशी काटक्यांची मोळी. ती मोळी दिसली, किंवा तिचा नुसता संशय आला, तरी रुग्णास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात हलवितात. गुणसूत्रांच्या तपासणीचा अहवाल येण्यास काही दिवस लागतात. जाणकार डॉक्टर त्यासाठी थांबत नाहीत, रेटिनॉइक आम्लाची पहिली मात्रा त्याच रात्री देतात, आणि अहवाल वेगळा आला तर ती बंद करतात.